दहा बाय आठचा अजिनाथ

खडकवस्ती, ता. पैठण
१४ ऑगस्ट २०२३

प्रांजली,
मामाचा आशीर्वाद.

फोन न करता कागद लिहितोय. माझे कान आता पार कामातून गेले. थोरल्या भारतनं फोन लावून दिला तरी नुसती घरघर येते, म्हणून जे सांगायचं ते लिहून सांगतो.

अजिनाथ घरात नाय. सहा जुलैला सकाळी गेला, आज एकोणचाळीस दिवस झाले. फोन बंद लागतो असं भारत म्हणतो. पैठणच्या ठाण्यात नोंद केली. नेवासा, शेवगाव, गेवराई, जिथं जिथं आपले पाहुणे हायत तिथं भारत जाऊन आला. तुझ्याकडं आला असता तर तू कळवलंच असतंस, म्हणून तुला विचारलं नाय.

भांडणतंटा काही झाला नव्हता. आपल्या मनानं गेला.

तुझी मामी रोज सकाळी फाट्यावर जाऊन उभी राहते. पहिली एसटी येऊन गेली की घरी येते. बोलत नाय. यंदा पाऊस नाय, रानात चारा नाय, मेंढरं पण गप झाली, सगळंच गप झालंय.

तुझं शिक्षण झालं, कॉम्प्युटर शिकलीस, तू ती मोठमोठी बॅनरं करतेस. तसं एक बॅनर आपल्या अजिनाथचं कर. दहा फूट बाय आठ फूट. पैठणच्या स्टँडसमोर लावायचं. येणाऱ्या जाणाऱ्या हजार माणसांत एकानं तरी बघितला असंल. बारावीच्या फॉर्मला काढलेला फोटो पाठवतो. एकच हाय, सांभाळ.

तुझा मामा,
सूर्यभान


औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
२१ ऑगस्ट २०२३

मामा,
तुम्हाला आणि मामीला नमस्कार.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण फोटो घेऊन दोन-तीन प्रकारे करून बघत होते.

अडचण अशी आहे, मामा. फोटो नखाएवढा आहे. कॉम्प्युटरवर फोटो म्हणजे रंगाचे बारीक ठिपके. लहान फोटोत ठिपके कमी, आणि तो आठ फूट उंच करायचा म्हटलं की तेच ठिपके ताणले जातात, त्यांचे चौकोन होतात. नाक कुठं संपतं आणि गाल कुठं सुरू होतो ते कळत नाही. आम्ही बॅनर आधी लहान मांडतो, दहा फुटांचा असला तर एका फुटाचा, आणि मशीनवर तो दहापट होतो. त्याच्याबरोबर चूकही दहापट होते. अशा फोटोवरून लोकांनी त्याला ओळखलं नाही तर काय उपयोग?

आजकाल फोटो मोठा करून देणारं एक सॉफ्टवेअर निघालंय. तेही वापरून पाहिलं. चेहरा गुळगुळीत झाला, डोळे चकचकीत झाले, पण तो आपला अजिनाथ राहिला नाही. कुणातरी दुकानदाराचा मुलगा वाटायला लागला. म्हणून तसं केलं नाही.

दुसरा, मोठा फोटो असेल तर पाठवा. अंगावर कपडे कोणते होते, उंची, खूण, तेही लिहा. आणि मामा, एक विचारते. घरात काही बोलाचाली झाली होती का? पोलिसांना सांगायला नाही, फक्त मला.

काळजी करू नका. तो हुशार आहे, कुठंतरी नीट असेल.

तुमची,
प्रांजली


खडकवस्ती
३० ऑगस्ट २०२३

प्रांजली,
आशीर्वाद.

भारतच्या लग्नातला फोटो पाठवतो. हळदीचा हाय. अजिनाथ डाव्या कडेला, आपल्या सुनेच्या, सुलेखाच्या मागं. अर्धा चेहरा तिच्या पदरानं झाकलाय आणि बाकीच्याला हळद लागलीय, पण हसताना असाच दिसतो. अंगात निळा शर्ट होता. उंची माझ्या कानापर्यंत. डाव्या भुवईत लहानपणी मेंढ्याच्या शिंगाचा व्रण पडलाय, तिथं केस उगवत नाय. तू होतीस तवा. तूच त्याला उचलून आणलं होतंस.

बोलाचालीचं विचारलंस. बापलेकात होतं तेवढंच. त्यात सांगण्यासारखं नाय.

मागच्या शुक्रवारी ठाण्यातून माणूस आला. धरणाच्या कालव्यात एक पोरगं सापडलं, बघायला चला म्हणाला. भारत मेंढरांमागं लांब गेला होता. मामीला सांगितलं नाय. मी एकटाच गेलो. दवाखान्यात त्यांनी चादर काढली. आपला नव्हता. भुवई बघितली, सगळे केस होते. मला आधी बरं वाटलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसलो. ज्याचा असंल त्याला अजून खबर पण नसंल, आणि मला इथं बरं वाटलं.

तेवढं बॅनर लवकर कर. मला परत तिथं जायला लावू नको.

सूर्यभान


औरंगपुरा
७ सप्टेंबर २०२३

मामा,

तुमचं पत्र दुकानात वाचलं आणि पुढं काम करता आलं नाही. आमचे मालक अतुलभाऊ म्हणाले, घरी जा. मी घरी पण गेले नाही. खालच्या गल्लीत नुसती उभी राहिले.

मामा, कालव्यावर जाऊ नका. पुन्हा बोलावलं तर भारतला पाठवा किंवा मला कळवा, मी जाईन. अजिनाथ जिवंत आहे. हे मी मनाचं समाधान म्हणून लिहीत नाही. माझा तसा भरवसा आहे.

बॅनरची मांडणी केली आहे. हळदीच्या फोटोतून डोळे आणि हसणं घेतलं, फॉर्मच्या फोटोतून बाकीचा चेहरा, दोन्हींचा रंग एकमेकांना मिळवते आहे. त्याला वेळ लागेल. वर 'हरवला आहे' असं लिहिलंय, खाली नाव, वय, खूण, भारतचा फोन नंबर.

माझी एक विनंती आहे. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात अशी ओळ टाकू का: 'अजिनाथ, घरी ये. कोणी रागावणार नाही.' लोकांसाठी नाही, त्याच्यासाठी. त्यानं कुठं बॅनर बघितलाच, किंवा कुणी त्याला दाखवला, तर त्याच्यासाठी काहीतरी लिहिलेलं असावं. पण तुम्ही हो म्हणाल तरच टाकते.

प्रांजली


खडकवस्ती
१६ सप्टेंबर २०२३

प्रांजली,

ती ओळ वाचून मला राग आला. बॅनर चारचौघांत लागणार. कोणी रागावणार नाय असं लिहिलं की लोक म्हणणार, म्हणजे कोणीतरी रागावलं होतं. घरातलं घरात असतं. म्हणून आठ दिवस उत्तर दिलं नाय.

काल मामीनं तुझं पत्र मागितलं. तिला वाचता येत नाय, मग मीच वाचून दाखवलं. त्या ओळीशी आलो आणि तिनं माझ्याकडं बघितलं. मामी कधी अशी बघत नाय.

तर आता सांगतो. पाच जुलैला दुपारी आम्ही मेंढरं पैठण रस्त्यानं नेत होतो. मी पुढं, अजिनाथ मागं. तो फोनमध्ये बघत होता. वळणावर ट्रक आला. मला ऐकू येत नाय, मी मागं वळून बघितलं तोवर झालं होतं. एकोणीस मेंढरं गेली, त्यातली सात गाभण. ड्रायव्हर थांबला नाय. मी अजिनाथला काठीनं मारलं. वीस-पंचवीस माणसं जमली होती, त्यांच्यासमोर मारलं. तो खाली बसला, हात वर केला नाय, पळाला नाय. मी मारत राहिलो आणि मग भारतनं माझा हात धरला. दुसऱ्या दिवशी तो गेला.

ती ओळ टाक. मोठ्या अक्षरात टाक.

मामा


औरंगपुरा
३० सप्टेंबर २०२३

मामा,
नमस्कार.

तुम्ही लिहिलंत ते लिहायला किती जड गेलं असेल ते मला कळतं. ती ओळ टाकली आहे. सोबत बॅनरचा लहान नमुना कागदावर छापून पाठवते. खाली बघा. अक्षर लाल आहे, प्रत्यक्ष बॅनरवर एक-एक अक्षर वीतभर होईल. चेहराही जमलाय असं मला वाटतं. मामीला दाखवा.

मशीन गावाबाहेरच्या कारखान्यात आहे आणि तिथं गणपतीनंतर लगेच नवरात्राच्या शुभेच्छांचं काम चालू झालंय. आपला नंबर लागायला दिवस लागतील. दसऱ्यापर्यंत थांबा, मामा. जास्त लिहीत नाही. मला वाटतं आपलं बॅनर लावायची वेळच येणार नाही.

तुमची,
प्रांजली


खडकवस्ती
९ ऑक्टोबर २०२३

प्रांजली,

नमुना मिळाला. चेहरा बरोबर आला. मामीनं भुवईवर बोट ठेवलं.

बॅनर लावायची वेळ येणार नाय असं तू का लिहिलंस? परवानगीचं म्हणत असशील तर मी नगरपालिकेत तीन खेपा घातल्या, कागद मिळाला. स्टँडसमोर दोन बांबू पुरून आलो. सगळं तयार हाय, तुझ्या बॅनरची तेवढी वाट बघू राहिलो. दसऱ्याच्या आत पाठव. दसऱ्याला पैठणात गर्दी असते.

सूर्यभान


खडकवस्ती
४ नोव्हेंबर २०२३

प्रांजली,

अजिनाथचं तेरावं झालं. तू मातीला आलीस, लांब बाभळीखाली उभी होतीस, मी बघितलं. दहाव्याला आली नाय. तेराव्याला पण आली नाय. तुझी तब्येत बरी नाय असं सुलेखा म्हणाली. असंल.

पोलिसांनी त्याच्या अंगावरचं सामान दिलं होतं. मी इतके दिवस उघडलं नाय. परवा उघडलं. फोन, कंगवा, किल्ली आणि घडी घातलेला एक कागद. कागद उघडला तर आपल्याच बॅनरचा नमुना. तू मला पाठवलास तसाच. हरवला आहे, असा. ज्याला हुडकायचा त्याच्याच खिशात.

मातीच्या दिवशी त्याचा मुकादम, बन्सी, माझ्या कानाशी मोठ्यानं काहीतरी बोलत होता. मला वाटलं चार दिवसांपूर्वी कामाला लागला असंल. आता तो कागद बघून मला कळत नाय. मी कुणाला विचारत नाय, कारण लोक सांगतात ते मला अर्धं ऐकू येतं आणि बाकीचं मी मनानं जोडतो.

तू लिहून सांग. तुला कधीपासून माहीत होतं? कागदावर लिही, म्हणजे मला परत वाचता येईल.

सूर्यभान


गारखेडा
१० नोव्हेंबर २०२३

मामा,

मला सात जुलैपासून माहीत होतं.

त्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. निळा शर्ट, पाठीला पिशवी. डावा खांदा वर उचलता येत नव्हता. मी समोरच्या गाड्यावरून पोहे आणून दिले, ते त्यानं उजव्या हातानं खाल्ले. काय झालं ते सगळं सांगितलं. मी म्हटलं, मामांना कळवते. तो उठला, पिशवी घेतली आणि म्हणाला, "ताई, घरी सांगशील तर इथूनपण जाईन. मग तुलाही माहीत नसेल मी कुठं आहे." मी त्याला बसवलं आणि शब्द दिला.

माझं त्या वेळी असं मत होतं की तो निदान माझ्या डोळ्यांसमोर आहे. एखाद महिन्यात शांत होईल. बन्सीभाऊ आमच्या दुकानाचे बॅनर लावायचं काम घेतात. त्यांना माणूस पाहिजे होता. मीच त्याला कामाला लावला. गारखेड्यात दोन पोरांबरोबर त्याची खोली होती, माझ्या घरापासून दोन गल्ल्या. रविवारी माझ्याकडं जेवायचा.

तुमचं पहिलं पत्र आलं, तेव्हा तुम्ही लिहिलं होतं की माझ्याकडं आला असता तर मी कळवलंच असतं. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. पत्र त्याला दाखवलं. तो म्हणाला, बॅनर करू नकोस.

आता फोटोचं सांगते. मी तुम्हाला ठिपके आणि चौकोनांचं जे लिहिलं ते खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. बॅनर कोणी नाक लावून बघत नाही. रस्त्यावरून, वीस-पंचवीस फुटांवरून बघतात. तेवढ्या अंतरावरून चौकोन दिसत नाहीत, चेहरा दिसतो. फॉर्मचा तो नखाएवढा फोटो चालला असता, मामा. मी रोज त्याहून वाईट फोटो छापायला पाठवते. तुमचं बॅनर दोन तासांचं काम होतं. मी सात आठवडे लावले. तुम्ही लग्नाचे फोटो शोधत होतात, कालव्यावर गेलात, परवानगीला फिरलात, आणि मी इथं त्याला पोळी वाढत होते.

कालव्याचं त्याला सांगितलं. त्यानं दोनदा विचारलं, "आप्पा गेला होता? स्वतः?" मग जेवला नाही. त्यानंतर मी ती ओळ लिहिली. तुम्ही हो म्हणालात ते पत्र त्याला वाचायला दिलं. नमुना पहिला त्यालाच दाखवला. उभ्यानं वाचला, मग खुर्ची ओढून बसला आणि परत वाचला. म्हणाला, दसऱ्याला जातो, आपट्याची पानं घेऊनच जातो. मी म्हटलं, आजच जा. तो म्हणाला, बन्सीभाऊकडं नवरात्राची गर्दी आहे, मध्येच सोडून गेलो तर तिथंपण नाव खराब होईल. मला ते पटलं. एका ठिकाणाहून तो काम टाकून आला होता, दुसऱ्या ठिकाणी त्याला तसं करायचं नव्हतं. म्हणून मी तुम्हाला लिहिलं की बॅनर लावायची वेळ येणार नाही. मला वाटलं, तुम्हाला सुगावा लागेल आणि शब्दही मोडणार नाही. तुम्ही बांबू पुरून आलात.

अठरा ऑक्टोबरचं सांगते. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं बॅनर होतं, वीस बाय तीस. त्याची फाईल मीच केली. आधी ते वीस बाय दहा ठरलं होतं. गिऱ्हाईक ऐन वेळी आलं आणि म्हणालं, शेजारच्या चौकातलं यापेक्षा मोठं आहे, आपलं वाढवा. मी आकडे बदलले, चेहरा ताणला, वर-खाली लोखंडी पाइप घालायला कापड दुमडायची जागा सोडली. पंधरा मिनिटांचं काम. तिथं वरून विजेची तार जाते का हे विचारणं माझ्या कामात नसतं. कोणाच्याच कामात नसतं.

दुपारी चार वाजता ते बॅनर चढवत होते. अजिनाथ वर होता. त्याला वाऱ्याचं चांगलं कळायचं, धूळ कशी उडते ते बघून सांगायचा आता जोर येणार, आणि बाकीचे थांबायचे. त्या दिवशीही तो म्हणाला होता, थोडं थांबू. पण पाहुणे पाच वाजता येणार होते. बन्सीभाऊंनी घाई केली. वारा बॅनरमध्ये भरला, पाइप फिरला आणि तारेला लागला. तो लगेच गेला असं डॉक्टर म्हणाले. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. मी कागद बघितला आहे.

मातीला मी आले. तुम्ही माझ्याकडं बघाल म्हणून बाभळीखाली थांबले. दहाव्याला निघाले होते, स्टँडवर पोचले, पैठणची गाडी लागली होती. तुम्ही पुरलेले ते बांबू तिथं दिसतील हे लक्षात आलं आणि मी परत फिरले.

आईमाघारी तुम्ही मला आणलं, शिकवलं. हे काम मला तुमच्यामुळं येतं. याच कामाचा आधार घेऊन मी तुम्हाला फसवलं. माफी मागायची लायकी नाही, म्हणून मागत नाही. तुम्ही विचारलंत, कधीपासून. सात जुलैपासून.

प्रांजली


खडकवस्ती
२१ नोव्हेंबर २०२३

प्रांजली,

तुझं पत्र पाच-सहा वेळा वाचलं. मामीला एकदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोळी वाढत होती ना. म्हटलं, व्हय. मग ती चुलीकडं गेली.

तुला माफ केलं असं मी लिहीत नाय. कधी लिहीन ते पण माहीत नाय. मी रात्रंदिवस पोरगं हुडकत होतो आणि तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. एक ओळ लिहिली असतीस तर मी अनवाणी आलो असतो. ह्या गोष्टीला मला तोड सापडत नाय.

पण तू एक लिहिलं नायस, ते मी लिहितो. अजिनाथनं तुला सगळं सांगितलं म्हणतेस, म्हणजे हे पण सांगितलं असंल. तू मला जपायला वगळलंस. त्या दिवशी मी मारताना त्याला म्हणालो, "मेंढरांच्या जागी तू गेला असतास तर मी रडलो नसतो." हे मी कुणाला सांगितलं नाय. मामीला नाय, भारतला नाय, पोलिसांना नाय. मार विसरतो माणूस. पोरगं घरातून गेलं ते काठीनं नाय गेलं. मी ओरडून बोलतो, मला माझा आवाज कळत नाय, त्यामुळं तिथल्या सगळ्यांनी ऐकलं असंल. मी एकटाच असंन ज्यानं ते नीट ऐकलं नाय.

तर गुन्हा दोघांचा हाय. तुझा तू घे, माझा मी घेतो. वाटणी नको.

गावातली पोरं आली होती. स्टँडसमोर बांबू आयते उभे हायत, तिथं श्रद्धांजलीचं बॅनर लावू म्हणतात. प्रांजलीताईकडं फाईल तयार असंल, नुसती वरची ओळ बदलायची. खरंच तेवढंच बदलायचं हाय. मी मामीला विचारलं. ती नाय म्हणाली. एवढा मोठा चेहरा तिला सोसणार नाय. आणि खालून माणसं भजी खात जाणार. मी जाऊन बांबू उपटून आणले. मेंढरांच्या वाड्याच्या कुंपणाला लागले.

आता कामाचं. पौर्णिमा झाली की येणाऱ्या शुक्रवारी आम्ही मेंढरं घेऊन खाली गंगथडीला, गोदेच्या काठाला निघतो. इथं चारा उरला नाय. भारत पुढं राहील, मी मध्ये. सुलेखाला सातवा महिना हाय, ती आणि मामी घरी. दोन माणसांत कळप रस्त्याला लागत नाय. मागं एक माणूस लागतंच. लहान असताना तू दोन वर्षं आमच्याबरोबर चाललीस, तुला जमतं. दहा-बारा दिवसांचं चालणं हाय. दुकानातून सुट्टी मिळाली तर ये. मामी पण म्हणते, ये म्हणावं. नाय मिळाली तर तसं कळव, मी दुसरा माणूस बघतो.

वाटेत आपल्याला बोलायची गरज पडणार नाय. मागच्या माणसानं फक्त मागं राहायचं असतं.

सूर्यभान


औरंगपुरा
२५ नोव्हेंबर २०२३

मामा,

गावातली पोरं इथं आली होती. फाईल दिली नाही. तुम्ही नाही म्हणालात एवढंच सांगितलं. ती फाईल अजून कॉम्प्युटरवर आहे. काढून टाकायला हात होत नाही, आणि उघडायलाही होत नाही.

ते वाक्य त्यानं मला सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, मामा रागात बोलले. तो म्हणाला, मला माहीत आहे. हे पहिल्याच दिवशी म्हणाला होता, पोहे खाताना. मी तुम्हाला तेवढं तरी कळवायला पाहिजे होतं.

अतुलभाऊंना सांगितलं आहे. सुट्टी दिली. पंधरा दिवसांनी जागा असेल की नाही ते बघू, म्हणाले. असू दे.

शुक्रवारी पहिल्या गाडीनं येते. फाट्यावर माझ्यासाठी थांबू नका, तुम्ही उजेडताच निघा. रस्त्यावर जिथं मेंढरं दिसतील तिथं मी ड्रायव्हरला सांगून उतरेन आणि मागून येऊन मिळेन.

प्रांजली